बेजबाबदारपणाची फोड : इंग्रजी शब्दांतील उपसर्ग आणि प्रत्यय

'बेजबाबदारपणा' हा शब्द चार तुकड्यांचा आहे : बे, जबाब, दार, पणा. 'जबाब' मूळचा अरबी, 'बे' आणि 'दार' फारसी, 'पणा' घरचा. याच अर्थाचा इंग्रजी शब्द 'इर्‌रिस्पॉन्सिबिलिटी'. तो म्हणताना जीभ अडखळते, लिहिताना हात अडखळतो. पण फोड केली की तिथेही चारच तुकडे हाती येतात : इर्, रिस्पॉन्स, इबिल, इटी. रिस्पॉन्स म्हणजे जबाब. 'इबिल' हे 'इबल' या प्रत्ययाचे पुढे आणखी काही जोडताना होणारे रूप. मराठीत 'दार' जे काम करतो तेच ते इथे करते. 'इर्' म्हणजे बे आणि 'इटी' म्हणजे पणा. तुकड्याला तुकडा जुळतो, क्रमही तोच राहतो. महाराष्ट्र-कर्नाटक सरहद्दीवरच्या आळंदच्या बाजारपेठेत हाच दोष कानडीत 'बेजवाबदारीतन' होतो. पहिले तुकडे जवळपास तसेच राहून शेवटी 'पणा'च्या जागी कानडी 'तन' येऊन बसतो. हा इंग्रजी शब्द घोकणाऱ्यासाठी सोळा अक्षरांचा असतो आणि फोडणाऱ्यासाठी चार तुकड्यांचा. शिवाय त्या चारांतले तीन तुकडे दुसऱ्या शेकडो शब्दांत पुन्हा भेटतात.

शब्दाच्या मूळ अंगाआधी जोडला जाणारा तुकडा म्हणजे उपसर्ग, नंतर जोडला जाणारा तो प्रत्यय. शाळेच्या व्याकरणात अशा जोडणीने घडलेल्या शब्दाला साधित शब्द म्हणतात आणि मूळच्याला सिद्ध. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या शब्दसिद्धीचा विस्ताराने विचार आहे. संस्कृत वैयाकरणांचा काटेकोरपणा मात्र मराठीत सैल झाला आहे. संस्कृतात 'प्र', 'परा' इत्यादी २२ अव्ययेच उपसर्ग, आणि तीही धातूला लागली तरच. मराठीत 'गैर', 'बे', 'ना' यांनाही उपसर्ग म्हटले जाते आणि ते कशालाही लागतात. इंग्रजी शब्दांची चर्चा करताना हा सैल अर्थच सोयीचा, कारण तिकडच्या व्याकरणातही आधी लागले म्हणजे उपसर्ग, इतकीच अट आहे.

आळंद तालुका कलबुर्गी, म्हणजे जुन्या गुलबर्गा, जिल्ह्याच्या महाराष्ट्राकडील टोकाला आहे. एका अंगाला अक्कलकोट, दुसऱ्या अंगाला उमरगा. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. कचेरीची भाषा आधी उर्दू, मग कानडी; घरात मराठी, कानडी, लमाणी नाहीतर दख्खनी. भाषांच्या या सरमिसळीचा ठसा गावांच्या नावांवरच दिसतो. मुन्नहळ्ळीतले 'हळ्ळी', धुत्तरगावातले 'गाव', सुंटनूरमधले 'ऊर' आणि धंगापुरातले 'पूर' या चारही शेपट्यांचा अर्थ एकच, वस्ती. शेजारच्या हुमनाबादेत त्याच अर्थाने फारसी 'आबाद' येतो. काटेकोर बोलायचे तर हे समासातले उत्तरपद आहे. पण नावात बसून झिजले की ते प्रत्ययासारखेच वागू लागते. इंग्लंडात हेच झाले. नॉटिंगहॅममधले 'हॅम' आणि ब्राइटनमधले 'टन' इंग्रजांच्या पूर्वजांचे, तर डर्बीतले 'बी' समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्स लोकांचे. त्या लोकांच्या भाषेत 'बी' म्हणजे वस्ती. इंग्रजी ही पहिल्यापासून सरहद्दीवरची भाषा आहे, आणि तिच्या शब्दांची जडणघडण सरहद्दीवरच्या माणसाला परकी वाटण्याचे काही कारण नाही.

स्वतंत्र शब्द झिजून प्रत्यय होतो हे इंग्रजीत जागोजागी दिसते. 'केअरफुल'मधला 'फुल' म्हणजे भरलेला. 'चाइल्डहुड'मधला 'हुड' जुन्या इंग्रजीत अवस्था या अर्थाचा सुटा शब्द होता, 'किंगडम'मधला 'डम' अधिकार या अर्थाचा, आणि 'फ्रेंडली'मधला 'ली' तर मुळात देह, रूप या अर्थाच्या शब्दाचा अवशेष आहे. मराठीत फारसीतून आलेल्या प्रत्ययांचेही तसेच. 'दार' म्हणजे धारण करणारा, 'खोर' म्हणजे खाणारा, 'बाज' म्हणजे खेळणारा, 'खाना' म्हणजे घर. जमीनदार, लाचखोर, दगाबाज, दवाखाना. लाचखोरात लाच खरोखरच खाल्ली जाते; भांडखोरात मात्र 'खाणे' विरून नुसता स्वभाव उरला आहे.

उपसर्गांचा विचार नकारापासून करणे बरे, कारण तिथे इंग्रजीची घराणी उघडी पडतात. 'अन्' हा तिचा जन्मापासूनचा उपसर्ग : अनहॅपी, अननोन. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दरबार, न्यायालय आणि चर्च यांच्यामार्फत फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा लोंढा आला, आणि त्याबरोबर 'इन्' आला : इनडायरेक्ट, इनकम्प्लीट. पुढे विद्वानांनी ग्रीक शब्द उचलले, त्यांच्यासोबत 'अ' किंवा 'ॲन' आला : स्वराआधी 'ॲन', जसे 'ॲनिमिया'. संस्कृत शिकलेल्याच्या हे लगेच ध्यानात येते, कारण त्याच्याकडेही व्यंजनाआधी 'अ' आणि स्वराआधी 'अन्' असतो. अशक्य पण अनादर, अज्ञान पण अनुत्तीर्ण. हा योगायोग नाही. जर्मानिक 'अन्', लॅटिन 'इन्', ग्रीक 'अ-ॲन' आणि संस्कृत 'अ-अन्' हे चारही एकाच प्राचीन नकाराचे वंशज आहेत. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे मांडले, त्यामागे अशी साम्ये होती. 'परि' आणि ग्रीक 'पेरि' हे एकच आहेत. म्हणून भूमितीच्या पुस्तकातली 'परिमिती' आणि इंग्रजी 'पेरिमीटर' या शब्दांचे दोन्ही अर्धे सख्खे निघतात. 'प्र' आणि इंग्रजी 'फोर' यांचेही नाते आहे. इंग्रजीत ग्रंथाच्या आरंभी येते ते 'फोरवर्ड', आधीचे शब्द. मराठीत येते ती 'प्र' लावलेली प्रस्तावना. आणि कानडीत 'मुन्नुडी', त्यात 'मुन्' म्हणजे आधी, 'नुडी' म्हणजे बोल. तिघांनीही एकाच ठिकाणी खिळा ठोकला आहे. इंग्रजीत पुढे जाण्याला 'फॉरवर्ड' म्हणतात. त्यातला 'वर्ड' मात्र शब्द नव्हे, दिशा दाखवणारा प्रत्यय. नागरीत लिहिताना दोन्हींत फार फरक उरत नाही आणि घोटाळा होतो. इंग्रजांचाही होतो.

'इन्' हा एकच उपसर्ग चार वेशांत फिरतो आणि विद्यार्थी तो चार वेळा पाठ करतो. 'प', 'ब', 'म' यांच्याआधी तो 'इम्' होतो : इम्पॉसिबल, इम्मॉरल. 'ल' आला की 'इल्' : इल्लीगल. 'र' आला की 'इर्' : इर्‌रेग्युलर, इर्‌रिस्पॉन्सिबल. हा नियम इंग्रजी पुस्तकात वेगळा शिकवावा लागतो. मराठी माध्यमाच्या मुलाने तो संधीच्या धड्यात आधीच सोडवलेला असतो. उत् आणि लेख मिळून उल्लेख, उत् आणि चार मिळून उच्चार. पुढच्या वर्णाशी जुळवून घेण्यासाठी आधीचा वर्ण बदलतो, एवढीच बाब. लॅटिनचा 'कॉन्', म्हणजे सह, असाच जुळवून घेतो : कम्बाइन, कलेक्ट, करेक्ट. संधीचा धडा संस्कृताच्या खात्यात आणि उपसर्गांचा धडा इंग्रजीच्या खात्यात टाकून शाळेने एकाच ज्ञानाचे दोन बोजे केले आहेत.

कोणता उपसर्ग कोणत्या शब्दाला लागेल, हे अर्थावर ठरत नाही, घराण्यावर ठरते. मराठीत 'अ' तत्सम शब्दाला लागतो. 'अहुशार' कोणी म्हणत नाही. 'बे' आणि 'गैर' फारसी-अरबी शब्दांचे सोबती : बेइमान, गैरहजर. पण भाषा वापरणारे लोक घराणे सांभाळत बसत नाहीत. गैरसमज, बेसूर, बेभान, नापीक हे सगळे मिश्रविवाह आहेत आणि ते चांगले टिकले आहेत. सर्वांत मासलेवाईक शब्द निकालाच्या दिवशी ऐकू येतो : 'नापास'. फारसी 'ना' इंग्रजी 'पास'ला जोडून महाराष्ट्राने आणि सरहद्दीने असा शब्द केला, की जो इराणातही कळणार नाही आणि इंग्लंडातही. इंग्रजीचेही वागणे असेच. 'एबल' हा प्रत्यय फ्रेंच-लॅटिन वाटेने आला. आज तो अस्सल इंग्रजी धातूंनाही लागतो : ड्रिंकेबल, रीडेबल. उलट देशी 'अन्' लॅटिन शब्दांना बेधडक लागतो : अनसर्टन, अनलिमिटेड. यातूनच शिकणाऱ्याला छळणारी एक जोडी निघते. 'अनेबल' पण 'इनॅबिलिटी'. 'अनस्टेबल' पण 'इन्स्टॅबिलिटी'. 'अनइक्वल' पण 'इनइक्वॅलिटी'. विशेषणाला देशी उपसर्ग, आणि लॅटिन प्रत्यय लागून झालेल्या नामाला लॅटिन उपसर्ग. ही सवय आहे, नियम नव्हे. पण सवयीमागचे घराणे कळले की ती लक्षात राहते.

लॅटिनातून आलेल्या शब्दांत आणखी एक पेच असतो : मूळ अंग इंग्रजीत सुटे सापडतच नाही. आळंद हा तुरीचा मुलूख. अडतीवर तूर आणलेल्या शेतकऱ्याच्या कानावर 'कमिशन' पडते, शाळेत 'ॲडमिशन', तहसिलीत 'परमिशन', विजेच्या तारांपाशी 'ट्रान्समिशन'. या चारांत 'मिशन' सामाईक आहे, पण मिशनचा धर्मप्रसार हा अर्थ त्यांना लावायला गेले तर हाती काही लागत नाही. लॅटिनात 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे, सोडणे. 'ॲड' म्हणजे कडे, म्हणून ॲडमिशन म्हणजे आत सोडणे. 'पर' म्हणजे मधून, म्हणून परमिशन म्हणजे जाऊ देणे. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे. 'कॉम' म्हणजे सह, सोपवून. एखाद्याकडे काम सोपवले ते कमिशन, आणि त्या कामाचा मोबदला तेही कमिशन. मिशन म्हणजे पाठवलेल्यांचे काम. संस्कृतातील 'हृ' धातूचा हाच खेळ प्रसिद्ध आहे : प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. एकाच 'हार'चे पाच व्यवहार होतात, आणि 'व्यवहार' हा सहावा. 'हार' म्हणजे फुलांचा, असे धरून कोणी 'आहार' समजावून सांगत नाही. इंग्रजी 'मिशन'च्या बाबतीतही तेवढीच सावधगिरी लागते.

प्रत्ययांकडे वळले की कचेऱ्या आणि वाहने समोर येतात. कंडक्टर, इन्स्पेक्टर, कलेक्टर, डॉक्टर, ट्रॅक्टर. या सगळ्यांच्या शेवटी लॅटिनचा 'तोर' आहे, करणारा या अर्थाचा. कंडक्टर म्हणजे सोबत नेणारा, कलेक्टर म्हणजे गोळा करणारा (महसूल गोळा करणारा, हे मूळ काम नावात अजून शिल्लक आहे), डॉक्टर म्हणजे शिकवणारा, ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा. संस्कृतात याच 'तोर'चा भाऊ 'तृ' : दाता, नेता, वक्ता, कर्ता. एसटीतला कंडक्टर आणि व्यासपीठावरचा वक्ता व्युत्पत्तीने एकाच पंगतीत बसतात. आळंदच्या माणसाला कलेक्टर मात्र महाराष्ट्रात गेल्यावर भेटतो, कारण कर्नाटकात जिल्ह्याचा प्रमुख डेप्युटी कमिशनर असतो आणि बोलण्यात तो नुसता 'डीसी'. इंग्रजांचा देशी प्रत्यय 'अर' हाही कर्ता दाखवतो : टीचर, ड्रायव्हर, फार्मर. नागरीत 'तोर'चा 'टर' आणि 'अर' सारखेच ऐकू येतात, म्हणून स्पेलिंगमध्ये एकीकडे 'ओ' आणि दुसरीकडे 'ई' का, हा प्रश्न पडतो. उत्तर पुन्हा घराण्यातच आहे.

'अर' माणसापुरता थांबत नाही, साधनालाही लागतो : कूलर, मिक्सर, मोटारीचा स्टार्टर, रानातला थ्रेशर. इथेच एक ठेच ठरलेली. स्वयंपाक करणाऱ्या बाईला मुले 'कुकर' म्हणून मोकळी होतात. इंग्रजीत स्वयंपाक करणारी व्यक्ती 'कुक' आणि शिट्टी वाजवते ते भांडे 'कुकर'. रानातल्या 'बोअर'ला तर हा प्रत्यय मुळीच नाही. तो 'बोअर' म्हणजे भोक, एवढाच एकसंध शब्द आहे. 'मास्टर'मध्येही 'तोर' नाही, तो लॅटिन 'मॅजिस्टर'चा संक्षेप. 'एबल'चीही अशीच फसगत : रिचार्जेबलमध्ये तो आहे, टेबल आणि केबलमध्ये नाही, आणि कॉन्स्टेबलमध्ये तर घोड्यांचा तबेला आहे. मूळ लॅटिन पद 'तबेल्याचा सरदार' अशा अर्थाचे होते. 'मेंट' पेमेंट आणि ॲग्रीमेंटमध्ये सहज दिसतो. सिमेंटमध्ये तो आहे असे म्हटले तर इंग्रजही हसेल. पण आहे. लॅटिन 'केमेंटम' म्हणजे तोडून काढलेल्या दगडाच्या खपल्या, तोडणे या अर्थाच्या धातूला 'मेंटम' लागून झालेला शब्द. कलबुर्गी जिल्ह्यातच शहाबादी फरशीचे दगड तोडले जातात आणि वाडीला सिमेंट भाजले जाते. शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच जिल्ह्यात नांदतात.

उपसर्गांतली फसवी जागा आणखी धोक्याची असते. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या टँकरच्या पाठीवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेले असते. 'इन्' म्हणजे नाही असे पाठ केलेला तो वाचून निर्धास्त बिडी पेटवील. तिथला 'इन्' हा नकार नव्हे, तो 'आत, मध्ये' या अर्थाचा दुसराच लॅटिन उपसर्ग आहे, आणि शब्दाचा अर्थ चटकन पेट घेणारा. 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, तर अमोल; मोल करता न येणारे. इथे 'इन्' नकाराचाच आहे, मराठी 'अ'सारखा, आणि दोन्ही भाषांत परिणाम स्तुतीचा होतो. दवाखान्यात 'डिस्चार्ज' आणि 'डिसेंट्री' एकाच कागदावर येतात. पहिल्यातला 'डिस्' लॅटिन, वेगळे करणारा. दुसऱ्यातला ग्रीक, वाईट या अर्थाचा, संस्कृत 'दुस्'चा भाऊ. आतड्याची दुर्दशा ती डिसेंट्री. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही वेगळे दिसतात, नागरीत एक होतात. नागरी लिपी इंग्रजी उच्चार छान पकडते, पण शब्दाचे गोत्र पुष्कळदा पुसून टाकते. उपसर्ग शिकताना रोमन स्पेलिंग डोळ्यासमोर ठेवावे लागते ते यासाठी.

उलट कधीकधी नागरीच जास्त बोलते. 'नेशन' आणि 'नॅशनल' यांच्या रोमन स्पेलिंगमध्ये पहिला स्वर एकच असतो. नागरीत 'ने'चा 'नॅ' झालेला स्पष्ट दिसतो. लॅटिन प्रत्यय लागला की मूळ अंगाचा स्वर हलतो : डिव्हाइन पण डिव्हिनिटी. देशी 'नेस' लागला की काही हलत नाही : काइंड, काइंडनेस. मराठी कानाला हा भेदही सवयीचा आहे. 'इक' लागला की पहिला स्वर चढतो : दिन-दैनिक, समाज-सामाजिक, इतिहास-ऐतिहासिक. 'पणा' लागला की मूळ शब्द जागचा हलत नाही : शहाणा-शहाणपणा, साधा-साधेपणा, फार तर सामान्यरूप होते. 'हॅपी'चा 'हॅपिनेस' लिहिताना 'वाय'चा 'आय' होतो, तो या सामान्यरूपाचाच प्रकार समजावा. अक्षर दुप्पट होणे, शेवटचा मुका 'ई' गळणे हे स्पेलिंगचे नियम सरावाने येतात. त्यांवर पाने खर्चण्यात अर्थ नाही.

काही प्रत्यय जिवंत असतात, काही मेलेले. 'वॉर्म'पासून 'वॉर्म्थ' झाला, 'लाँग'पासून 'लेंग्थ'. पण आज नव्या शब्दाला 'थ' लावून कोणी नाम करू शकत नाही. 'नेस' कशालाही लागतो. 'अन्' इतका जिवंत आहे की समाजमाध्यमावरची मैत्री तोडण्यासाठी 'अनफ्रेंड' हा शब्द निघाला आणि २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या अमेरिकन कोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला. मराठीत गारवा, ओलावा यांतला 'वा' थंडावला आहे. 'गिरी' मात्र २००६ मधल्या एका हिंदी चित्रपटानंतर गांधींच्या नावालाही लागली, जी आधी दादा आणि गुलाम यांच्यासाठी राखीव होती.

तुकडे कोणत्या क्रमाने जोडले, यावरही अर्थ ठरतो. फोनच्या संदर्भात 'अनलॉकेबल' शब्द घ्यावा. आधी 'अनलॉक' केले आणि मग 'एबल' लावला, तर उघडता येण्याजोगा. आधी 'लॉकेबल' केले आणि मग 'अन्' लावला, तर कुलूप लावता न येण्याजोगा. तुकडे तेच, अर्थ उलटे. शब्द हा मण्यांची माळ नसून कांद्यासारखा पदरापदरांचा असतो. 'बेजबाबदारपणा'तही 'जबाबदार' आधी तयार झाला, मग 'बेजबाबदार', आणि 'पणा' सर्वांत शेवटी. 'जबाबदारपणा' करून त्याला 'बे' लावला असे म्हणणे कानालाच पटत नाही.

नकार पुढे लावावा की मागे, यात भाषांचे स्वभाव दिसतात. 'वायरलेस'मध्ये तो मागे आहे. मराठीने 'बिनतारी' करून तो पुढे आणला. कानडीचा पिंड मागे जोडण्याचा. तिच्या स्वतःच्या घडणीत नकार 'इल्ल', 'इल्लद' असा शेवटी येतो. तरी वायरलेससाठी तिने घडवला तो 'निस्तंतु', संस्कृत उपसर्ग पुढे लावून. परिभाषा घडवताना उर्दू, मराठी आणि कानडी या तिन्ही भाषांना उपसर्ग-प्रत्ययांचा हिशेब मांडावाच लागला. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झाले, तेव्हा हैदराबादच्या भाषांतर विभागाला इंग्रजी शास्त्रांसाठी शब्द पाडावे लागले. तिथले प्राध्यापक वहीदुद्दीन सलीम यांनी परिभाषा घडवण्याच्या रीतीवर 'वज़ए इस्तिलाहात' हा ग्रंथ लिहिला आणि त्यात उपसर्ग-प्रत्ययांचा, उर्दूत ज्यांना साबिक़े आणि लाहिक़े म्हणतात त्यांचा, सविस्तर विचार केला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९३१ मध्ये 'सयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचा 'पदनाम कोश' १९६२ चा. थर्मामीटरला मराठीत आणि कानडीत 'तापमापक' मिळाला, उष्णता आधी, मोजणारा नंतर, ग्रीक क्रमानेच. उर्दूत 'मिक़्यासुल हरारत', मोजणारा आधी. टेलिफोनला मराठीत 'दूरध्वनी', कानडीत 'दूरवाणी'. सब-इन्स्पेक्टरला 'उपनिरीक्षक' हा सगळ्यांत सरस : 'सब' आणि 'उप' अर्थाने जुळतातच, कुळानेही एक आहेत, आणि 'निरीक्षका'त ईक्ष म्हणजे पाहणे तसे 'इन्स्पेक्टर'मधल्या 'स्पेक्'मध्येही पाहणेच आहे.

१९६९ साली १४ बँका सरकारने ताब्यात घेतल्या तेव्हा 'नॅशनलायझेशन' शब्द गावोगाव गेला, आणि त्यासोबत 'राष्ट्रीयीकरण'. नेशन, अल, आइझ, एशन. राष्ट्र, ईय, ई, करण. पुन्हा चारास चार. यातली ती मधली एकाकी 'ई' फार मोलाची आहे. जे आधी तसे नव्हते ते तसे करणे, हा अर्थ संस्कृतात ती वाहते आणि इंग्रजीत 'आइझ' वाहतो. घाईने 'राष्ट्रीयकरण' लिहिणारे नेमकी तीच गाळतात, आणि मग शब्दातून 'आइझ' गळून पडतो.

एक वर्ग अजून वेगळा काढायला हवा. अनेकवचनाचा 'एस', भूतकाळाचा 'एड', चालू क्रियेचा 'इंग', तुलनेचे 'अर' आणि 'एस्ट' हेही प्रत्ययच, पण ते नवा शब्द घडवत नाहीत. आहे त्या शब्दाला वाक्यात बसवतात. इंग्रजीत असे प्रत्यय जेमतेम आठ आहेत आणि ते सगळे शेवटीच लागतात. मराठीत हा कारभार फार मोठा. सोलापूर-उमरग्याकडच्या बोलीत 'येत आहे' ऐवजी 'यायलाय' म्हणतात; इंग्रजी 'इंग'चे काम तिथे 'आयल'मध्ये मुरले आहे. घडवणारे प्रत्यय आत, मुळाशी लागून, आणि वाक्यात बसवणारे बाहेर, कडेला, ही शिस्त दोन्ही भाषा पाळतात. 'टीचर्स'मध्ये 'अर' आधी, 'एस' नंतर. उलटे कधीच होत नाही.

ही शिस्त उसन्या शब्दांतही मोडत नाही. मराठीने डॉक्टरकी केली, मास्तरकी केली, ड्रायव्हरकी केली. 'की' हा पेशा दाखवणारा प्रत्यय 'शेतकी'तून उचलून परक्या शब्दांना लावला. आळंदच्या बसस्थानकावर एखादा निवृत्त वाहक 'कंडक्टरकीतला अनुभव' सांगत असेल, तर त्या एका शब्दात सहा सांधे आहेत : सह या अर्थाचा 'कॉन्', नेणे या अर्थाचा 'डक्', करणारा या अर्थाचा 'तोर' हे तीन लॅटिनचे, पेशाचा 'की', सप्तमीचा 'त' आणि संबंध दाखवणारा 'ला' हे तीन मराठीचे.